‘सेवेशी संबंध नाही’ एवढे लिहून भागत नाही : माजी सैनिकांचे डिसअॅबिलिटी पेन्शन आणि केंद्राचे नियम

कोकणातल्या बौद्धवाड्यांना फौजेतून परतलेला माणूस नवा नाही. दिवेआगर, बोर्ली पंचतन, म्हसळा या पट्ट्यातल्या अशा काही घरांतली पेन्शनची कागदपत्रे गेल्या काही महिन्यांत आम्ही बसून वाचली. कुणाची ओळख पटेल असा तपशील इथे देत नाही, कारण ही गोष्ट एकेका घराची नाही. जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये तेच एक वाक्य भेटले : आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून फायलीत त्याला ‘नाना’ म्हणतात. हा ‘नाना’ एकदा कागदावर बसला की डिसअॅबिलिटी पेन्शन नामंजूर. तसे पत्र घरी येते, आणि आपला माणूस ते ट्रंकेत ठेवून सुपारीच्या वाडीत कामाला लागतो. सरकारी डॉक्टरने लिहिले, आता कोण बदलणार?

बदलता येते. केंद्राच्या नियमांत हे वाक्य लिहायला अटी घातलेल्या आहेत, आणि त्या पाळल्या नसतील तर ते वाक्य टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी अपिलाचे जे अर्ज आमच्या वाचनात आले, त्यांत नियमाचा क्रमांक नव्हता. होती ती विनंती : मी देशाची सेवा केली, माझी परिस्थिती हलाखीची आहे, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. असा अर्ज फेटाळणे कारकुनाला फार सोपे जाते. सहानुभूती नाकारली तर त्याला उत्तर द्यावे लागत नाही. नियम नाकारला तर द्यावे लागते.

या किनाऱ्याला लष्करी अर्जाचा इतिहास जुना आहे. याच कोकणातले पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी महारांची लष्करभरती बंद झाल्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज लिहिला, तोही दयेचा नव्हे तर पूर्वजांच्या सेवेचा हिशेब मांडणारा. बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात सुभेदार रामजींचे मूळ गाव आंबडवे. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भरतीसाठी कागद चालवले, त्यांच्या नातवंडांनी पेन्शनसाठी कागद चालवायला कचरण्याचे कारण नाही.

नियम नेमका काय म्हणतो

सैन्यासाठीच्या १९६१ च्या पेन्शन विनियमांत १७३ क्रमांकाचा विनियम आहे. जवानाला आजारामुळे किंवा दुखापतीमुळे सेवेतून बाहेर काढले, ती इजा सेवेमुळे झालेली किंवा सेवेमुळे वाढलेली असली आणि तिचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असले, तर डिसअॅबिलिटी पेन्शन मिळते. २००८ च्या नव्या विनियमांत हीच तरतूद ८१ व्या क्रमांकावर आहे. नौदल आणि हवाई दलाचे पेन्शन विनियम वेगळे आहेत.

‘सेवेमुळे झाले की नाही’ हे ठरवायचे कसे, यासाठी वेगळे नियम आहेत. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत बाहेर पडलेल्यांना १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स लागू होतात. त्यातले तीन नियम कार्यकर्त्यांनी पाठ करावेत असे आहेत.

नियम ५ म्हणतो की भरतीच्या वेळी कागदावर काही दोष नोंदलेला नसेल, तर तो माणूस तेव्हा शरीराने आणि मनाने धडधाकट होता असे धरायचे. आणि पुढे तब्येतीमुळे त्याला सोडावे लागले, तर ती सेवेमुळेच ढासळली असे धरायचे. नियम ९ म्हणतो की पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर नाही, आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा. फील्ड एरियातल्या सेवेसाठी तर हा फायदा आणखी उदारपणे द्यायचा. नियम १४ चा ‘ब’ भाग आजारांविषयी आहे : भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सामान्यतः सेवेत उद्भवला असे मानायचे. तो भरतीच्या तपासणीत सापडूच शकला नसता असे डॉक्टरांचे मत असेल, तर तसे म्हणता येते, पण त्याची कारणे लिहावी लागतात.

सगळी ताकद ‘कारणे लिहावी लागतात’ या तीन शब्दांत आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा खटला त्यावरच फिरला. सिग्नल्सचा हा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी अपस्माराच्या कारणावरून, २० टक्के कायम अपंगत्व दाखवून, बाहेर काढला गेला. मेडिकल बोर्डाने सेवेशी संबंध नाही असे लिहिले आणि पेन्शन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते साधेच होते : भरतीच्या वेळी या आजाराची नोंद होती का? नव्हती. मग तो तेव्हा सापडला नसता असे म्हणण्याची कारणे बोर्डाने दिली आहेत का? दिलेली नाहीत. मग फायदा जवानाला. २०१५ च्या राजबीर सिंग निकालात हीच भूमिका पुन्हा मांडली गेली.

दुसरे एक कारण फायलींत फार दिसते : आजार पीस एरियात सुरू झाला, म्हणून सेवेशी संबंध नाही. म्हणजे सियाचीनला आजारी पडला असता तर सेवा, पुण्याला पडला तर नशीब! लष्करी डॉक्टरांसाठीची २००२ ची मार्गदर्शिका स्वतःच याला उत्तर देते. तिच्या ४२३ व्या परिच्छेदात म्हटले आहे की इजेचे कारण फील्डमध्ये घडले की शांततेच्या ठिकाणी, हे गौण आहे. सेवेच्या परिस्थितीशी कार्यकारणसंबंध आहे का ते पाहायचे, आणि शंका असेल तर फायदा जवानाला द्यायचा. बोर्डाने ‘पीस एरिया’ एवढेच लिहिले असेल, तर अपिलात हा परिच्छेद उद्धृत करा.

हे फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत केंद्रीय नियमावलीच्या ३८ व्या विभागात कलम ३.१०२ आहे : दोन्ही बाजूंचा पुरावा तोलास तोल असेल तर शंकेचा फायदा माजी सैनिकाला. तिथले माजी सैनिक आणि त्यांच्या संघटना दाव्यात थेट कलमाचा क्रमांक लिहितात. आपल्याकडेही हत्यार जवळपास तसेच आहे, वापर कमी आहे.

२००८ नंतर बाहेर पडलेल्यांचे काय

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की २००८ चे नियम जवानासाठी कडक झाले. त्यांच्या पाचव्या नियमात म्हटले आहे की भरतीची तपासणी वरवरची असते, काही सुप्त किंवा आनुवंशिक आजार नंतर उफाळतात, आणि आजार सेवेत दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही. १९८२ च्या नियमांतले गृहीतक इथे गेले. पण सातवा नियम अजूनही सांगतो की सामान्यतः अर्जदाराला पुरावा द्यायला लावायचे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या दाव्यात हेच धरले : नियम बदलले तरी आजार सेवेमुळे नाही हे कारणांसह दाखवण्याची जबाबदारी बोर्डावरच आहे, आणि ‘पीस एरिया’ किंवा ‘जीवनशैलीचा आजार’ हे शब्द म्हणजे कारण नव्हे.

याच सातव्या नियमात एक खाच आहे. दावा बाहेर पडल्यानंतर १५ वर्षांनी केला आणि मुदत संपल्यामुळे सेवेचे कागद नष्ट झालेले असले, तर पुराव्याचे ओझे उलटून अर्जदारावर येते. म्हणजे २०१० किंवा २०११ मध्ये सुटलेल्या जवानाचे घड्याळ आत्ताच संपते आहे किंवा संपले आहे. अशी माणसे आपल्या वस्तीत कोण आहेत, हे आधी शोधले पाहिजे.

२१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना त्यानंतरचे नवे नियम लागू आहेत. त्यात आजारपण असूनही पूर्ण सेवा केलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नवे नाव आले आहे. त्यामुळे मदतीला गेल्यावर पहिला प्रश्न सुटण्याच्या तारखेचा विचारावा. चुकीच्या वर्षाचा नियम लिहिलेले अपील फेटाळायला कारणच मिळते.

टक्क्यांचा हिशेब

डिसअॅबिलिटी एलिमेंट म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग. १०० टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के असतो आणि त्याखाली प्रमाणात उतरतो. वेतन ४०,००० रुपये धरले तर १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४०० रुपये. पण केंद्राच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात टक्के वर नेण्याची सोय आहे : ५० पेक्षा कमी असतील तर ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५, आणि ७६ च्या पुढे १००. म्हणजे २,४०० चे ६,००० झाले, वर महागाई सवलत. ही सोय आधी फक्त आजारपणामुळे मध्येच काढलेल्यांना दिली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. पेन्शन मिळते आहे म्हणून समाधानी असलेल्या माणसाच्या आदेशावरही टक्के किती धरलेत ते पाहा. आज डिसअॅबिलिटी पेन्शन चालू असलेल्या घरातही सुटलेला पैसा असू शकतो.

केंद्राच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रात आणखी एक सोय आहे. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचे बोर्डाने ठरवलेले टक्के कायमचे मानायचे, जवानाने स्वतः फेरतपासणी मागितली तरच ते पुन्हा पाहायचे. दर काही वर्षांनी बोर्डापुढे बोलावून टक्के उतरवण्याची जुनी पद्धत त्याने थांबवली.

२० टक्क्यांखालच्यांची वाट अरुंद आहे. आजारपणामुळे सेवेतून काढले असेल तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल कामाला येतो. त्यात न्यायालयाने म्हटले की ज्याला काढून टाकण्याइतका आजार आहे, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या वरच धरले पाहिजे. मात्र पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याचे प्रमाण २० पेक्षा कमी असेल तर मिळत नाही. २०१९ च्या एस. पी. राठोड निकालात तसे ठरले आहे. अशा माणसाला खोटी आशा दाखवून मुंबईच्या फेऱ्या घालायला लावू नये.

मानसिक आजारांच्या दाव्यांतही सावध राहावे. २०१३ मध्ये वीर पाल सिंग प्रकरणात न्यायालयाने बोर्डाच्या कामचलाऊ मतावर ताशेरे ओढले आणि फेरतपासणी सांगितली. पण २०१९ च्या नरसिंग यादव निकालात जवानाच्या विरुद्ध निर्णय झाला, कारण हा आजार भरतीच्या वेळी कळला नसता असे मत बोर्डाने कारणासह दिले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळते, वाद आजाराच्या नावावर नसतो, बोर्डाने काय लिहिले त्यावर असतो. सुट्टीत गावी झालेल्या अपघाताचेही तसेच. ड्युटीशी संबंध दाखवता आला नाही तर दावा पडतो, पण सरकारी वॉरंटवर घरी जाताना किंवा परतताना झालेला अपघात नियमात ड्युटीवरचा धरला जातो. सुट्टी कधी सुरू झाली आणि अपघात कुठल्या रस्त्यावर झाला, हे नीट विचारा.

कागद कुठून आणायचे

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर भागात घरांची छपरे उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. कागद भिजले, वाहून गेले, त्यात डिस्चार्ज बुकेही होती. तरी मूळ कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर इथे आहे.

लागणारा मुख्य कागद म्हणजे मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६. शिवाय भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल आणि पेन्शन नाकारल्याचे पत्र. हे सगळे माहिती अधिकारात मिळते. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एक काळजी घ्या : अर्जावर सही जवानाची स्वतःची हवी. कार्यकर्त्याने आपल्या नावाने अर्ज केला तर ‘दुसऱ्याची वैयक्तिक माहिती’ म्हणून तो फेटाळला जातो, आणि एक महिना वाया जातो.

फॉर्म हाती आला की टक्क्यांकडे नंतर बघा. आधी आजार सेवेपूर्वी होता का, या प्रश्नाचे उत्तर बघा. तिथे बहुधा ‘नाही’ असते, आणि ते बोर्डाच्याच हाताने लिहिलेले असते. मग कारणांचा रकाना बघा. तो रिकामा आहे, की तिथे ‘आनुवंशिक’ किंवा ‘पीस एरिया’ असा एखादाच शब्द आहे? या दोन रकान्यांतल्या अंतरावर अपील उभे राहते. त्यासोबत जवानाच्या पोस्टिंगची वर्षवार यादी करा : कुठे, किती उंचीवर, कसली ड्युटी, आणि आजाराची पहिली नोंद कोणत्या लष्करी रुग्णालयात झाली. ही यादी करायला एक दुपार लागते, आणि ती घरातल्या बाईमाणसांना बरोबर बसवून करावी. कुठल्या साली साहेब आजारी पडून सुट्टीवर आले, हे त्यांना साहेबांपेक्षा जास्त आठवते, असा आमचा अनुभव आहे.

पहिले अपील लष्कराच्या अपील समितीकडे जाते, दुसरे संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरच्या पेन्शन अपील समितीकडे. नामंजुरीच्या पत्रात पत्ता आणि मुदत दिलेली असते. सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे आणि निवृत्त जवान आपल्या राहत्या ठिकाणाच्या खंडपीठात अर्ज करू शकतो. सागरला किंवा दिल्लीला धावायची गरज नाही.

उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. १९८३ मध्ये सेवेतून काढलेला जवान तरसेम सिंग १९९९ मध्ये न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले की पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशिरा मागितले तरी हक्क बुडत नाही. मात्र थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. वाट पाहिलेले प्रत्येक वर्ष म्हणजे त्या घराच्या थकबाकीतले एक वर्ष कमी. जवानाचा मृत्यू त्याच आजाराने झाला असेल आणि आजार सेवेशी जोडलेला ठरला, तर पत्नीला साध्या कुटुंब पेन्शनऐवजी जास्त रकमेचे विशेष कुटुंब पेन्शन मिळू शकते. ही फाइल बहुतेक घरांत कुणी उघडतच नाही.

वकिलाच्या फीचा प्रश्न येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांचा अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मान्य आहे. आपल्या जवानाच्या विधवेला तर यातल्या दोन दारांनी आत जाता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली आहे. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची चौकशी करावी. दिवेआगरहून दिघी-आगरदांडा फेरीने मुरूडमार्गे गेले तर एका दिवसात जाऊन येता येते. जाताना आधार, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या दोन-दोन प्रती न्याव्यात. ‘काम झाल्यावर इतके टक्के द्या’ म्हणणारे एजंटही भेटतील. थकबाकीतला वाटा मागणाऱ्याच्या हाती मूळ डिस्चार्ज बुक कधीही देऊ नका.

कॅगच्या २०२३ च्या अहवालात एक गोष्ट नोंदलेली आहे : अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीच्या आसपास आहे. त्यावरून अधिकारी फायदा उपटतात अशी ओरड झाली, आणि काही प्रकरणांत तसे असेलही. आम्हाला त्यात दुसरे दिसते. खंदकात, उंचावर, ओझे वाहून शरीर झिजवणाऱ्याला कमी इजा होते असे कुणी म्हणणार नाही. फरक कागद वाचता येण्याचा आहे.

आता भरती होणाऱ्या मुलांविषयी. अग्निवीरांना हे पेन्शनच नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख अशी एकरकमी भरपाई आहे. म्हणजे त्यांच्या बाबतीत बोर्डाने लिहिलेला एकेक टक्का आणि ‘सेवेमुळे’ हा शब्द आणखी महाग आहे, कारण चार वर्षांनी घरी आल्यावर कागद मागायला युनिटमध्ये ओळखीचे कुणी उरत नाही. सीआरपीएफ, बीएसएफमध्ये गेलेल्या मुलांना लष्कराचे हे नियम आणि न्यायाधिकरण लागू नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय नागरी सेवेचे असाधारण पेन्शनचे नियम आहेत आणि दाद उच्च न्यायालयात मागावी लागते. सुट्टीवर गावी आलेल्या कुठल्याही जवानाला एवढे मात्र जरूर विचारा : ट्रेनिंगमध्ये किंवा ड्युटीवर कधी पडलास, लागलं का? इंज्युरी रिपोर्ट भरला का? त्याची प्रत किंवा निदान मोबाइलवर काढलेला फोटो तुझ्याकडे आहे का? नसेल तर युनिटला परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने तेवढे एक काम करावे, आणि प्रत घरी पाठवावी.